कागद, काच, पत्रा

‘गरिबी हटाव’ ही घोषणा मी पहिल्यांदा ऐकली ती १९७१ च्या निवडणुकीत. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. मला नुकतंच एकविसावं वर्ष पुरं झालं होतं, त्यामुळे ती निवडणूक आणि ती घोषणा दोन्ही पक्क्या लक्षात राहिल्या. ‘शाश्वत विकास’ हा शब्द मात्र पुष्कळ नंतर कानावर आला. १९८७ साली नॉर्वेच्या ब्रुंटलँडबाईंच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अहवाल निघाला, १९९२ साली रिओला मोठी परिषद भरली, आणि मग तो शब्द पाठ्यपुस्तकातही आला. आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीच्या तोंडचा घास न काढता, असा त्याचा साधा अर्थ मी मुलांना सांगत असे.

हे दोन्ही शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिले असतील! पण मंडळी, हे दोन शब्द एकाच ठिकाणी, एकाच कामात, प्रत्यक्ष कुठे दिसले असं कुणी विचारलं तर मला रिओला जावं लागत नाही. आमच्या पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास मी सांगते. शनिवारवाड्याचा इतिहास सांगणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. हा दुसरा इतिहास फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करायला हवी. आमच्या वयाच्या माणसांना तो दुष्काळ आठवायला पुस्तक उघडावं लागत नाही. अमेरिकेहून आलेला लाल मिलो, सुकडी, आणि गावोगावच्या कामांवर खडी फोडायला बसलेली माणसं. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून कितीतरी कुटुंबं तेव्हा पुण्यात आली. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांतले पुष्कळजण पाऊस पडल्यावर परत गेले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते कशाला परत जातील? ती माणसं इथेच राहिली, झोपडपट्ट्यांत वसली. पुरुष बिगारीवर गेले, हमालीला लागले. बायकांपैकी बऱ्याच जणी खांद्यावर पोतं घेऊन कचऱ्याकडे वळल्या.

त्याच दुष्काळाने पुण्यातला एक माणूस उलट दिशेला, खेड्याकडे गेला, त्याचंही नाव इथे घेतलं पाहिजे. विलासराव साळुंखे. पुण्यात त्यांचा स्वतःचा इंजिनिअरिंगचा कारखाना होता. पुरंदर तालुक्यातली दुष्काळी कामं त्यांनी पाहिली, आणि रोजगारासाठी नुसती खडी फोडून गावात पाणी येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. नायगावला देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या करारावर घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला आणि पाणी अडवून दाखवलं. पण त्यांचं खरं मोठेपण बांधात नाही, नियमात आहे. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क! जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जाणार नाही. आणि खर्चाचा काही हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा, फुकट काही नाही.

साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायतीचे नियम पुढे सगळीकडे टिकले नाहीत, उसाने आपल्या जिल्ह्यात काय केलं ते सांगायला नको. पण ‘भूमिहीनालाही पाण्यावर हक्क’ हे वाक्य ध्यानात ठेवा. पुण्यातल्या बायकांनी जे मागितलं ते याच जातीचं होतं, फक्त वस्तू वेगळी होती.

ती वस्तू म्हणजे कचरा. आता कचऱ्यावर हक्क कुणी मागतं का, असं कुणाला वाटेल. म्हणून थोडं मागे जाते.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं होती आणि पाचांचा मिळून एक लहान डबा कचरा निघत नसे. चुलीची राख भांडी घासायला, भाज्यांची देठं आणि सालं गाईला, जुनं लुगडं गोधडीला, त्यातूनही काही उरलं तर बोहारणीला, भांड्यासाठी. वर्तमानपत्राची रद्दी वाणी घेई. बाटली, डबा घ्यायला आरोळी देत माणूस दारावर येई. हे आम्ही पर्यावरणासाठी करत नव्हतो बरं का, गरिबी होती म्हणून करत होतो. जुन्या काळाचं कौतुक करणाऱ्यांनी हे विसरू नये. मग हळूहळू वाडे पाडून इमारती झाल्या, दूध पिशवीतून आलं, तेल पिशवीतून आलं, शांपूची पुडी आली, आणि शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या ओसंडू लागल्या. त्या कुंड्यांत उतरून या बायका कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं काढत. पहाटे निघायचं, मैलोगणती चालायचं, दुपारपर्यंत डोक्यावर तीस-चाळीस किलोचं ओझं, मग ते भंगारच्या दुकानात नेऊन पुन्हा निवडायचं. मापात किती जाई आणि भावात किती, हे त्या दुकानदारालाच ठाऊक. अडीअडचणीला उचल त्याच्याकडूनच, म्हणजे माल दुसऱ्याकडे नेता येत नाही. कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा यांनाच विचारणार. कुत्री भुंकणार ती निराळीच.

यातल्या बहुतेक बायका मातंग आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजातल्या. मी इतिहास शिकवत असे, त्यामुळे इथे मला मुक्ता साळवे आठवल्यावाचून राहत नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, चौदा-पंधरा वर्षांची मातंग मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्या निबंधाला शंभराहून अधिक वर्षं उलटल्यावर, त्याच शहरात, त्याच समाजातल्या बायका कुंडीत उतरत होत्या. ही गोष्ट पुण्याच्या सांस्कृतिक राजधानीपणाच्या भाषणात कुणी सांगत नाही. असो.

कर्वे रस्त्यावर एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं आवार आहे, आपल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या विद्यापीठाचं. तिथल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी तरुण कार्यकर्त्या काम करत होत्या. १९९० च्या आसपास साक्षरतेच्या कामासाठी त्या वस्त्यांत गेल्या. तिथली मुलं कचरा वेचायला जातात, वर्गाला येत नाहीत, हे दिसल्यावर त्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर त्याही कचरा वेचायला गेल्या. शिकवायला गेलेल्या बाईने आधी शिकावं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

त्यांनी पाहिलं की माल कुंडीत जाऊन बरबटण्याआधी घरातूनच वेगळा मिळाला तर बाईला उकिरड्यात हात घालावा लागत नाही, माल कोरडा राहतो, भाव बरा मिळतो आणि वेळही वाचतो. मग परिसरातल्या काही घरांना विनंती केली, सुका कचरा वेगळा ठेवा आणि या बायकांच्या हातात द्या. विद्यापीठाने त्या बायकांना ओळखपत्र दिलं. तीसेक बायकांचा हा प्रयोग होता. आज ऐकताना किरकोळ वाटेल, पण त्यात कळीची गोष्ट होती: घरातल्या माणसाने दोन डबे ठेवायचे. त्याला कायदा लागत नाही, निधी लागत नाही. रोज मात्र करावं लागतं, आणि रोज करायची गोष्टच आपल्याला जड जाते.

काही दिवसांनी एक व्यावसायिक त्याच भागात गाडी लावून तोच सुका कचरा गोळा करू लागला. बायकांच्या पोटावर पाय आला. त्या एकत्र जमल्या, विरोध केला आणि ते काम थांबवलं. पण त्यातून एक उमजलं, की तीसजणींच्या प्रयोगाने भागणार नाही, सगळ्यांची संघटना हवी.

इथे बाबा आढाव येतात. बाबांविषयी पुण्यात सांगायची गरज नाही, पण परगावच्या वाचकांसाठी सांगते. नाना पेठेत दवाखाना चालवणारा हा डॉक्टर. डोक्यावर पोती वाहणारे हमाल पाहून त्यांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. माथाडी कामगारांसाठीचा १९६९ चा कायदा, हमालांची ‘कष्टाची भाकर’, ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ, ही सगळी पुढची कामं. १९९३ च्या मे महिन्यात कचरावेचकांची परिषद भरली, तिला आठशेच्या वर माणसं आली, बहुतेक बायका. आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाची कामगार संघटना स्थापन झाली. रिओची परिषद होऊन एक वर्षही पुरतं झालं नव्हतं. तिथे शंभराहून अधिक राष्ट्रांचे प्रमुख जमले होते. इथे जमलेल्यांपैकी बहुतेकजणींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

संघटनेचं नाव मला फार आवडतं. त्यात समिती नाही, मंडळ नाही, प्रतिष्ठान नाही. ज्या मालावर पोट चालतं त्याचीच नावं. आणि ‘कष्टकरी’! आम्ही कचरा करत नाही, आम्ही कष्ट करतो. या एका शब्दावर पुढची सगळी लढाई उभी राहिली, कारण पालिकेच्या दप्तरी या बायका कामगार नव्हत्याच. त्या ‘समस्या’ होत्या.

पहिली मागणी ओळखपत्राची. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रावर आपली मोहोर उमटवली. आपल्याला वाटतं, कार्डाने काय होतं? पण पहाटे पाच वाजता पोतं घेऊन रस्त्याने जाणाऱ्या बाईला पोलिसाने हटकलं तर दाखवायला छायाचित्र आणि शिक्का असलेला एक कागद असणं, हा फरक चोर आणि कामकरी यांच्यातला आहे. ज्या हाताला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं त्या हातात शहराचा शिक्का आला.

मग हिशेब मांडला गेला. हा मला इतिहासातला मोठा टप्पा वाटतो. २००१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातल्या भंगारव्यवसायाचा अभ्यास झाला. त्यात निघालं की या बायका जो कचरा उचलून कामाला लावतात तो उचलण्याचा, वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचतो. एकेक कचरावेचक दरमहा २४६ रुपयांचं काम शहरासाठी फुकट करते, असा तो आकडा होता. म्हणजे दान कोण कुणाला देत होतं? आपण जुनी साडी देऊन पुण्य जोडत होतो, आणि ती दर महिन्याला आपल्याला २४६ रुपये देत होती. हा हिशेब हातात आल्यावर संघटनेने पालिकेकडे दया मागितली नाही, विमा मागितला. २००२-०३ पासून नोंदणी झालेल्या कचरावेचकांसाठी पालिका वैद्यकीय विम्याचा हप्ता भरू लागली.

याच काळात संघटनेने स्वतःची पतसंस्था काढली, सावकाराच्या महिन्याच्या व्याजातून सुटायला. स्वतःची भंगारची दुकानं काढली, काटा खरा असलेली. दुकानातला नफा सभासदांतच वाटायचा. आणि मुलांच्या शाळेचा आग्रह धरला. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती असते. ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून संघटनेने पाठपुरावा केला. हे मी शाळेच्या बाजूने पाहिलं आहे. मी ज्या शाळेत होते तिथे वस्तीतली मुलं असत. हजेरीपटावर आठवड्यातून दोन-तीन दिवस आडवी रेघ येणारी नावं ठरलेली. शिष्यवृत्तीला हजेरी लागते, म्हणून आया मुलांना पाठवू लागल्या. एक आई अर्जावर अंगठा उमटवायला आली, तिने आधी पदराला हात तीनदा पुसला, आणि मग म्हणाली, “बाई, हिला माझ्यासंगं न्यायची न्हाई, असं तुमच्या वहीत लिवून ठेवा.” मी वहीत तसं खरंच लिहिलं. मुलगी दहावी झाली.

आता दुसरी बाजू. शहराचा उरलेला कचरा जायचा कुठे? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत, खाणींच्या जागेत टाकला जाऊ लागला. वर्षानुवर्षं ओला-सुका एकत्र, डोंगरच्या डोंगर. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या. बागाईत गावाला टँकरने पाणी आलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या भाजीच्या देठांनी दुसऱ्याची विहीर नासवली, यापेक्षा ‘अशाश्वत’ विकासाचा सोपा धडा कुठल्या पुस्तकात असेल? गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत पेठांतल्या रस्त्यांवर ढीग लागत, वर्तमानपत्रांत ‘कचराकोंडी’ असा मथळा येई, आणि आम्ही पुणेकर गावकऱ्यांच्या नावाने बोटं मोडत असू. त्या विहिरीचं पाणी प्यायला मात्र कुणी गेलं नाही.

२००० साली घनकचऱ्याचे नवे नियम आले. त्यात दारोदार जाऊन कचरा गोळा करायला सांगितलं होतं. दारोदार जाणार कोण? इथे दोन वाटा होत्या. एक ठेकेदाराची: मोठी गाडी, दोन माणसं, सगळा कचरा एकत्र दाबून डेपोवर, आणि वजनावर पैसे. वजनावर पैसे मिळत असतील तर कचरा कमी व्हावा असं कुणाला वाटेल? दुसरी वाट या बायकांची: त्या दारी येणार, ओला-सुका वेगळा घेणार, सुक्यातलं विकता येईल ते विकणार, म्हणजे कचरा जितका कमी डेपोवर जाईल तितका त्यांचा फायदा. माझ्या मते शाश्वत विकासाचं सगळं गणित या दोन वाटांत आहे. पहिल्या वाटेत गरीब माणूस कामातून जातो आणि डोंगर वाढतो. दुसरीत त्याची मिळकत वाढते आणि डोंगर घटतो.

पुण्याने, थोड्या घासाघिशीने का होईना, दुसरी वाट धरली. आधी प्रायोगिक काम झालं. मग ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ साली तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. घराने दरमहा ठरलेलं शुल्क त्या बाईलाच द्यायचं, सुक्या मालाची किंमत तिचीच, साधनं आणि व्यवस्थेचा भार पालिकेने उचलायचा. कुंडीत उतरणारी बाई जिना चढून दारावर आली, बेल वाजवू लागली. त्याच वर्षी, २००८ च्या मार्चमध्ये, दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या बोगोटा शहरात जगभरातल्या कचरावेचकांची पहिली परिषद भरली, तिथेही आपल्या पुण्याच्या बायकांची संघटना होती. तिकडे त्यांनी कोर्टात भांडून हक्क मिळवला होता. शहर बदललं तरी भांडण तेच होतं.

आज ‘स्वच्छ’मध्ये साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक आहेत आणि त्या आठ लाखांवर घरांत जातात. यातून गरिबी हटली का? सरळ सांगते, हटली नाही. कमी झाली. कामाचे तास घटले, ओझं डोक्यावरून ढकलगाडीवर आलं, महिन्याला ठरलेली रक्कम हाती येऊ लागली, आणि कर्जाला सावकार सोडून दुसरी जागा मिळाली. कुणी पत्र्याचं घर पक्कं केलं, कुणाची मुलगी नर्सिंगला गेली. पण हातमोजे घालून का होईना, काम घाणीतलंच आहे.

त्यावरून एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चांगल्या माणसांकडूनही येतो: माणसाने दुसऱ्याचा कचरा हाताने का निवडावा? यंत्रं आणा, या बायकांना दुसरं काम द्या. म्हणायला छान आहे. पण ते ‘दुसरं काम’ आजवर कुणी आणून दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. यंत्र मात्र लगेच येतं. आणि हात न लावता कचरा वेगळा व्हावा असं खरंच वाटत असेल तर त्याचा उपाय आपल्याच ओट्याखाली आहे. घरातूनच वेगळा दिला तर तिला हात घालावाच लागत नाही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगताना आमच्या पिढीच्या बायकांना संकोच होतो, तरी सांगते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर. आपण ते नुसते डब्यात टाकतो, आणि सुका कचरा उघडताना ते तिच्या हाताला लागतात. २०१३ साली या बायकांनी असे पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले, की तुमचा माल तुम्हीच बघा. मला तेव्हा हसूही आलं आणि अभिमानही वाटला. जुन्या वर्तमानपत्रांच्या विल्हेवाटीच्या पिशव्या त्यांनी स्वतः बनवून विकल्या. पुढे लाल ठिपक्याची मोहीम निघाली: कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडता कळतं. २०१६ च्या नियमांत उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी आलीही. एक लाल पेन स्वयंपाकघरात दोरीने टांगून ठेवायचं, एवढंच आपलं काम. आमच्या सोसायटीत चोवीस घरं आहेत. लाल ठिपका कितीजण काढतात ते मी मोजलं, अकरा. सुशिक्षित सोसायटी आहे हो आमची.

शुल्काचंही तसंच. वार्षिक सभेत एक गृहस्थ दरवर्षी उभे राहतात, “आम्ही मिळकतकर भरतो, पुन्हा हे कशाला?” त्यांना मी दरवर्षी तेच सांगते, की करातून गाडी येते ती कोपऱ्यापर्यंत, चार मजले चढून तुमच्या दारापर्यंत येते ती बाई. पिझ्झा आणून देणाऱ्या मुलाला वर पन्नास रुपये देणारे आपण, महिन्याच्या शुल्कासाठी तिला तीन हेलपाटे घालायला लावतो.

२०२० मध्ये टाळेबंदीत आपण सगळे दार लावून बसलो तेव्हाही या बायका येत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पालिकेबरोबरचा करार संपला. पुढे महिन्या-महिन्याची मुदतवाढ, आणि काम ठेकेदाराला देण्याची चर्चा. तेव्हा नागरिकांनीच पत्रं लिहिली, सह्या दिल्या, आणि ‘स्वच्छ’चं काम चालू राहिलं. सह्या गोळा करणाऱ्यांत आमच्या रस्त्यावरची कॉलेजातली मुलंही होती, जी एरवी कुठल्याच कागदावर सही करत नाहीत.

आता नवा प्रश्न उभा आहे, आणि तो माझ्याच वयाचा आहे. १९९६ च्या सुमारास ज्या बाईच्या हातात पहिलं ओळखपत्र आलं, ती तेव्हा पस्तिशीची असेल तर आज पासष्टीची आहे. गुडघे गेलेले, खांदा उतरलेला. मला दर महिन्याला निवृत्तिवेतन येतं, पस्तीस वर्षं शिकवल्याचं. तिने त्याहून थोडी कमी वर्षं हे शहर निवडून काढलं, तिला काय? बाबा आढावांनी शेवटच्या काळात हाच विषय लावून धरला होता. २०१२ साली अरुणा रॉय यांच्याबरोबर त्यांनी पेन्शन परिषदेतून असंघटित कष्टकऱ्यांच्या पेन्शनची मागणी दिल्लीपर्यंत नेली, किमान वेतनाच्या निम्मं तरी द्या म्हणून. बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला केंद्र सरकारचा वाटा आजही महिन्याला २०० रुपयेच आहे. राज्य त्यात आपली भर घालतं, पण त्यासाठी दाखले लागतात. आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशींचा वयाचा दाखला कुठून काढायचा, हे पाहायला मी परवा त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जाणार आहे. शाळेत त्या कधी गेल्याच नाहीत, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही.